मालकांची मागची सीट

मालकांनी मोटारसायकल कधी साइड स्टँडवर लावली नाही. गाडी ताठ उभी राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भोरच्या बाजारात कुणाची तिरकी कललेली गाडी दिसली, की जाता जाता ते ती उचलून मधल्या स्टँडवर घ्यायचे. गाडी कुणाची, तो माणूस ओळखीचा आहे का, हे बघायचे नाहीत. एकदा एकाने हटकलं, "ओ काका, गाडीला हात कशाला लावताय?"

"तू दिसभर एका पायावर उभा ऱ्हाशील का?" मालक म्हणाले. "मग तिला कशाला ठिवलीस?"

मालक गेल्यावर त्या माणसाने गाडी पुन्हा तिरकी करून ठेवली. मी तिथेच होतो, हसलो होतो.

मी त्यांचा भाडेकरू. माझं गाव भोंगवली सोडून नोकरीसाठी भोरात आलो आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहिलो. लग्न तिथेच असताना झालं, मुलगाही तिथेच झाला. मी त्यांना मालक म्हणायचो ते घर त्यांचं म्हणून. बाकी आळी म्हणायची ती गाडीमुळे. आळीत पहिली मोटारसायकल त्यांची, आणि आळीत पंचवीस गाड्या झाल्या तरी मालक तेच राहिले. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. मला ते 'पाव्हणं' म्हणायचे. दहा वर्षं भाडं भरलं तरी पाव्हणंच.

गाडी जुन्या पद्धतीची होती. किक मारून चालू होणारी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नवीन माणूस बसला तर ब्रेक म्हणून गिअर दाबणार आणि भिंतीवर जाणार. पण नवीन माणूस बसायचाच नाही. मालक गाडी कुणालाच देत नसत. गावाकडे गाडी मागितली की नाही म्हणता येत नाही, 'अर्ध्या तासात आणतो' म्हणून माणूस किल्ली घेऊन जातो आणि संध्याकाळी रिकामी टाकी घेऊन येतो. मालकांचं उत्तर ठरलेलं होतं.

"गाडी मागू नगं. मला माग."

आणि खरंच, त्यांना मागितलं की ते यायचे. माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा मिळेना. मालक तिला दवाखान्यात घेऊन गेले, तेही इतक्या हळू, की मी मागून पळत गेलो तरी बरोबर पोचलो. गाडी माणसाच्या चालीने चालवणं ही त्यांची खुबी होती. पोरांच्या नव्या गाड्या तेवढ्या हळू चालवल्या की तापायच्या, गचके खाऊन बंद पडायच्या. मालकांची गाडी धाप न लागता चालायची.

हॉर्न त्यांनी काढून टाकला होता. वळण आलं की ते स्वतः ओरडायचे, "आलो रं!" वरंध्याच्या घाटात प्रत्येक वळणाला एकदा. मी एकदा म्हणालो, "मालक, समोरून ट्रक आला तर त्याला काय ऐकू जाणार?"

"त्याला कुठं सांगतुया? मी येतुया हे मला ठावं पायजे."

पण त्यांचा खरा नियम मागच्या सीटचा होता. मागे बसणाऱ्याने कुठे जायचं आणि कशाला जायचं, हे आधी सांगायचं, आणि खरं सांगायचं. "म्होरं बघून गाडी चालवायची म्हंजे मला तुजं तोंड दिसत न्हाई," ते म्हणायचे. "मला आवाजावरच भागवाया लागतं. तवा मागं बसून खोटं बोलू नगं."

आळीतला एक जण एकदा त्यांच्या मागे बसला. नसरापूरला बहीण आजारी आहे, तिला बघायला जायचंय, असं सांगून. खरं म्हणजे नसरापूरला पत्त्यांचा अड्डा होता. कामथडीच्या फाट्यावर मालकांनी गाडी थांबवली.

"उतर."

"का वो मालक? नसरापूर म्होरं हाय की."

"भनीचं नाव घेताना दोनदा आवाज पडला तुजा."

त्याला भर उन्हात तिथे सोडून मालक माघारी आले. तो माणूसच ही गोष्ट पानाच्या टपरीवर पुढे कित्येक वर्षं सांगायचा आणि स्वतःच हसायचा. "आईशप्पत, आवाज पडला व्हता माजा," म्हणायचा. पण त्यानंतर मालकांच्या मागे बसला तर खरं बोलायचा. सगळेच बोलायचे. तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाच्या मुलीचं कुठे फसलंय, हे आळीत मालकांएवढं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

रविवारी पुण्याहून मोटारसायकलवाल्यांचे ताफे यायचे. अजूनही येतात. काळी जाकिटं, गुडघ्याला ढाली, हेल्मेटवर कॅमेरा. चौकात चहाला थांबायचे. मालक त्यांच्यात जाऊन उभे राहायचे, डोक्याला उन्हाळ्यातसुद्धा माकडटोपी.

"कुठं निघालाय?"

"राइडला, काका."

"म्हंजे कुठं?"

"असंच. मढे घाटाकडं. ठरवलं नाही."

मालक म्हणायचे, "असंच निघालेल्याला रस्ता कसा गावतो?" पोरं हसायची, त्यांच्याबरोबर फोटो काढायची. आमच्या आळीतली पोरंही हसायची. त्यांच्या गाड्यांच्या सायलेन्सरची जाळी काढलेली, नंबर प्लेटवर नंबरापेक्षा 'राजे' मोठ्या अक्षरात. "मालक, तुमची गाडी म्युझियमला द्या," म्हणायची. मालक म्हणायचे, "देतो की. तुमीबी बसा तिच्यासंगं काचंत. आवाज तरी बंद व्हईल."

पण शिवजयंती आली की याच पोरांना मालक लागायचे.

आमच्याकडे मंडळं गडावर जातात. पहाटे देवीच्या देवळात मशाल पेटवतात आणि ती ज्योत पळत गावात आणतात. एक जण पळतो, दमला की दुसरा हातात घेतो. बाकीचे मोटारसायकलींवर झेंडे लावून मागे-पुढे. ज्योत जमिनीवर टेकवायची नाही, विझू द्यायची नाही आणि गाडीवर न्यायची नाही. पळणाऱ्याच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने, तेलाचा डबा घेऊन एक गाडी लागते. आमच्या मंडळाची ती गाडी मालकांची. मशाल फिकी पडली की ते चालत्या गाडीवरून पळीने तेल घालायचे. वर्षातून एवढ्याच दिवशी ते माकडटोपी काढून फेटा बांधायचे.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढचं आहे. या वर्षापर्यंत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष मी होतो. अध्यक्षाने निदान एक टप्पा पळायचं असा रिवाज. तोरण्यावर ज्योत पेटली, वेल्ह्यात उतरलो, पोरांनी मार्गासनीपर्यंत मशाल मस्त आणली. तिथे मी घेतली. पोरं म्हणाली, "दादा, तुम्ही या निवांत, आम्ही नसरापुरात मिसळ सांगून ठेवतो," आणि सगळ्या गाड्या बोंबलत पुढे निघून गेल्या. रस्त्यावर मी आणि मालक.

मला पळायची सवय नव्हती. पहिल्याच चढाला छाती भरून आली. मी थांबलो आणि मशाल घेऊन मालकांच्या मागे बसलो.

"पायी न्यायची आस्ती," मालक म्हणाले.

"त्या वळणापर्यंत फक्त."

ते वळण गेलं. पुढचंही गेलं. मी उतरलो नाही. उलट म्हणालो, "जरा ओढा ना मालक. पोरं वाट बघत असतील." त्यांनी वेग वाढवला. मी सांगितलं म्हणून वाढवला, हे मला इथे लिहायलाच हवं. समोरून वाळूचा डंपर आला, वाऱ्याचा झोत बसला आणि मशाल विझली.

मालकांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघं त्या काळ्या चिंध्यांकडे बघत उभे राहिलो. धूर येत होता. मी खिशातून लायटर काढला.

"आरं, आरं," मालक म्हणाले. तोवर मी पेटवली होती. दिसायला अगदी तशीच.

"कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. "मालक, माझ्या पोराची शपथ आहे तुम्हाला. कुणाला सांगायचं नाही."

माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. मालक त्याला टाकीवर बसवून रोज शाळेत सोडायचे. ही शपथ मी मुद्दाम घातली. तीच मोडणार नाहीत हे मला माहीत होतं.

"म्या न्हाई सांगनार," ते म्हणाले. "पर तू सांग. आरतीच्या आत मंडळात सांग. विझली, चूक झाली, म्हन. यवढंच."

"सांगतो," मी म्हणालो. मी त्यांच्या समोर उभा होतो, मागे नव्हतो. तोंड दिसत होतं.

नसरापूर जवळ आल्यावर मी पुन्हा पळायला लागलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी तेलाचा डबा एकाच्या हातात दिला, गाडी वळवली आणि आल्या वाटेने निघून गेले. पोरं विचारायला लागली, मालक कुठं चालले? मी म्हणालो, "कंटाळला म्हातारा."

संध्याकाळी चौकात आरती झाली. पूर्ण आळी, सगळ्या बायाबापड्या, मुलगा माझ्या खांद्यावर. मी माईकवर बोलत होतो, गडावरून अखंड आणलेली ज्योत वगैरे. तेवढ्यात "आलो रं!" असं ऐकू आलं. गर्दी बाजूला झाली. मालकांची गाडी पायाच्या चालीने मांडवापर्यंत आली. गाडीच्या पुढच्या गार्डला, उजव्या बाजूला, तारेने एक पेटता कंदील बांधलेला. त्याला धक्का बसू नये म्हणून त्यांनी नडगीचा आधार दिलेला. पासष्टीचा माणूस भर दुपारी एकटा तोरणा चढला होता, देवीपुढच्या दिव्यावर कंदील लावून उतरला होता आणि तसाच वेल्ह्याहून भोरपर्यंत आला होता.

"मालक, आळीची लाईट गेली का?" एक पोरगं ओरडलं. सगळे हसले.

मालक कुणाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "ही आत ठिव."

माईक माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "मालकांचा कंदीलसुद्धा दर्शनाला आलाय. टाळ्या वाजवा."

वाजवल्या लोकांनी. मालकांनी गाडी वळवली आणि घरी गेले. कंदील त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवला. तो कधी विझला मला माहीत नाही. मी त्या बाजूला बघत नव्हतो.

त्या दिवसापासून त्यांनी मला 'तुमी' म्हणायला सुरुवात केली. भाडं घेताना, जिन्यात भेटल्यावर, "तुमी बसा, तुमी जावा." लोकांना वाटलं अध्यक्ष झाल्याचा मान देतात. मुलाला शाळेत सोडणं चालू राहिलं. मला मात्र मी मागितलं तरी ते मागे बसवायचे नाहीत. "तुमाला रिक्षा बरी," म्हणायचे.

कंदिलाची काच सगळ्या रस्त्याला त्यांच्या नडगीला लागून होती. मालकांना साखरेचा आजार होता, पायाला संवेदना कमी. त्यांना भाजलेलं कळलंच नाही, आणि कळल्यावर त्यांनी हळद लावली. जखम चिघळली. मीच त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, हे भाजलं कशाने?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सायलेन्सर लागला," ते म्हणाले.

आवाज पडला. मला ऐकू आला. कंदील म्हटलं असतं तर कंदील कशाला, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्यांना शपथ होती. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं, आणि ते माझं होतं.

पाय गुडघ्याखालून काढला. उजवा.

त्यानंतर गाडी बोळात मधल्या स्टँडवर उभी असायची. मालक कुबडी भिंतीला लावून तिच्यावर बसायचे आणि मी सकाळी कामावर जाताना किक मारून द्यायचो. "धडधडू द्या जरा," म्हणायचे. गाडी जागच्या जागी चालू, ते हँडल धरून पुढे बघत बसलेले. आळीतली पोरं म्हणायची, "मालक, पोचला का महाबळेश्वरला?" मालकही हसायचे. "आजून घाटात हाय," म्हणायचे. लोक म्हणायचे, भाडेकरू असून पोटच्या पोरासारखं करतो. मी ऐकून घ्यायचो.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका थंडीतल्या सकाळी मी किक मारायला खाली आलो तर मालक गाडीवर नव्हते. बाजूला उभे होते, कुबडीवर, फेटा बांधून. त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव, पाव्हणं. मी मागं बसतो. वेल्ह्याला जाऊ. पायथ्यापातूर."

तू म्हणाले. आयुष्यात त्यांनी किल्ली कुणाला दिली नव्हती. कुबडी गाडीला आडवी बांधली, त्यांना मागे बसवलं आणि निघालो. दोनदा ब्रेकऐवजी गिअर दाबला. "डावा, डावा," ते मागून म्हणाले, रागावले नाहीत. भाटघर गेलं. धरणाकडून गार वारा येत होता. प्रत्येक वळणाला मागून, माझ्या कानाशी, "आलो रं!" कापूरहोळला हायवेला लागलो. मला वाटलं, संपलं सगळं, सुटलो.

कामथडीच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हणं, सांगितलंस का मंडळात?"

मी पुढे बघत होतो. नाही म्हणायला काय लागत होतं? ते चिडले नसते. नाही म्हटलं असतं तर 'बरं, औंदा सांग' एवढंच म्हणाले असते. हे मला आता कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

"हो," मी म्हणालो. "मागंच सांगितलं."

"काय म्हनली पोरं?"

"काही नाही. समजून घेतलं."

थोडं अंतर आम्ही तसेच गेलो. खांद्यावरचा हात निघाला.

"थांबवा," मालक म्हणाले.

कामथडीचा फाटा होता. मी त्यांच्याकडे वळून न बघताच कुबडीची दोरी सोडली. ते माझ्या खांद्याचा आधार न घेता उतरले, गाडीला धरून, उड्या मारत. मग कुबडी काखेत घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"मालक, ऊन चढेल. बसा. घरी तरी सोडतो."

"यष्टी यील. तुमी जावा."

"असं कसं..."

"घरी मधल्या स्टँडवर लावा," ते म्हणाले आणि एस.टी. येते त्या बाजूला बघत राहिले.

मी गेलो. एका पायाच्या म्हाताऱ्याला हायवेवर सोडून मी त्याच्याच गाडीवर घरी गेलो. दुपारी त्यांना कुणीतरी टेम्पोतून आणून सोडलं. आळीत मी सांगितलं, त्यांना कामथडीत कुणाकडे तरी थांबायचं होतं.

त्यानंतर त्यांनी किक मारायला कधी बोलावलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. पुण्याचा भाचा आला, घर त्याचं झालं. किल्ली माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "मामा सांगून गेलेत, गाडी वरच्या पाहुण्यांकडंच राहू द्या." का म्हणाले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माफ केलं म्हणून की ती रोज डोळ्यांसमोर राहावी म्हणून, ते ठरवता येत नाही.

यंदा शिवजयंतीच्या आधी मंडळाची बैठक होती. माझा मुलगाही आता त्यात आहे. मी पन्नाशीला आलोय, मला कुणी बोलावत नाही, तरी गेलो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मशाल, लायटर, शपथ, कंदील, पाय, कामथडी. मध्ये दोनदा पाणी प्यालो. मुलगा खाली बघत होता.

मग आताचा अध्यक्ष, चांगला मुलगा आहे, उठून माझ्याजवळ आला.

"काका, बसा. एवढं काय मनाला लावून घेताय? आमची पण विझते की. दरवर्षी एखाद-दोनदा विझतेच. लायटर असतोच खिशात. त्यासाठी कोण परत गड चढतंय?"

कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं हसणं. "काकांना चहा सांगा रे," कुणी म्हणालं, आणि बैठक वर्गणीवर गेली.

मी घरी आलो. बोळात गाडी मधल्या स्टँडवर ताठ उभी होती. मी मागच्या सीटवर बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "सांगितलं, मालक."

आवाज पडला की नाही, हे सांगायला पुढे कुणी नव्हतं.